मानाचं पाकीट

लग्नपत्रिकेच्या पाकिटापायी मी पहिली थप्पड खाल्ली तेव्हा नववीत होते. माझं अक्षर वळणदार, म्हणून सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात कुणाचंही लग्न निघालं की पाकिटांवर नावं घालायचं काम माझ्याकडे यायचं. त्या दिवशी मावशीचं पाकीट लिहिताना मी आधी मावशीचं नाव लिहिलं आणि मग काकांचं, कारण मावशी माझी होती आणि काकांना मी जेमतेम ओळखत होते. अप्पा, म्हणजे माझे वडील, मागून आले, पाकीट वाचलं आणि माझ्या कानाखाली आवाज काढला. शाईची बाटली लवंडली. मग त्यांनी कोरं पाकीट माझ्यापुढे ठेवलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "श्री. व सौ. लिही. पुढं काकांचं नाव. बाईचं नाव पाकिटावर नसतंय."

कान दिवसभर गुणगुणत होता. पण धडा पक्का बसला, आणि पुढची पंचवीस वर्षं मी एकही पाकीट चुकले नाही.

अप्पांची एक निळी वही होती. तिच्यात नियम कुठेच लिहिलेले नव्हते, नुसती नावं होती, पण नियम प्रत्येकाला पाठ होते. नवराबायकोला एकच पाकीट, आणि ते नवऱ्याच्या नावानं. खाली 'सहकुटुंब सहपरिवार'. ते लिहायचं राहिलं तर समोरचा धरून चालतो की एकट्याला बोलावलंय, म्हणजे अपमान केलाय. विधवेला श्रीमती, आणि तिच्या पाकिटाला कुंकू नाही. जावयाचं पाकीट वेगळं, जाड कागदाचं, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं. त्याला मानाचं पाकीट म्हणायचं. ते पोस्टानं जात नाही. घरातल्या जाणत्या माणसानं जाऊन हातात द्यायचं, चहा प्यायचा आणि तोंडानं आमंत्रण करून उठायचं.

हे कुणाला पोरखेळ वाटेल. माझ्या आत्याच्या मुलीच्या लग्नात एका चुलत काकांच्या पाकिटावर 'सहपरिवार' राहून गेलं होतं. ते लिहिणारी मी नव्हते, हे आधीच सांगते. काका ऐन अक्षतांच्या वेळी मांडवात एकटेच आले, पाकिटाचे चार तुकडे केले आणि अप्पांच्या तोंडावर फेकले. अप्पा काही मागे राहणारे नव्हते. खुर्च्या आडव्या झाल्या, मठ्ठ्याचं पातेलं उलटलं आणि काकांचा पुढचा दात पडला. तो दात नवरीच्या मामीनं केरसुणीनं लोटून बाजूला केला आणि लग्न पुढं लागलं. काका त्यानंतर आमच्या घरी आले ते थेट अप्पांच्या मातीला.

आता अक्का. अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिला दुधनीत दिली होती. दाजींचं तिथं अडतीचं दुकान, तुरीचा व्यापार, चारचौघांत बोलणं साखरेचं. चौदा वर्षं मी त्यांच्या पाकिटावर 'श्री. व सौ.' लिहीत आले. माझी बहीण त्या 'सौ.'मध्ये राहत होती आणि तिथं ती मार खात होती.

पहिल्या वर्षी मनगट मोडलं. तिसऱ्या वर्षी पोटावर लाथ बसली आणि पोटातलं मूल गेलं. त्यानंतर तिला मूल झालं नाही, म्हणून मग त्यावरून मार. भाकरी करपली म्हणून पट्टा, भाव पडला म्हणून पट्टा, भाव चढला आणि दाजी पिऊन आले म्हणूनही पट्टा. एकदा केसांना धरून तिला अंगणातून दुकानापर्यंत ओढत नेली आणि हमालांसमोर पोत्यांवर आपटली. लग्नाकार्याला दोघं जोडीनं यायची. दाजी पांढऱ्या शुभ्र कपड्यांत, अक्का सोलापूरच्या मे महिन्यात कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून. विचारलं की म्हणायची, न्हाणीत पडले. न्हाणीत इतक्या वेळा पडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मला माहीत होतं. अप्पांनाही माहीत होतं. दोनदा ती निघून आली आणि दोन्ही वेळा अप्पांनी तिला स्वतः गाडीत बसवून परत पोचवली. दुसऱ्या वेळी तर जाताना जावयासाठी टॉवेल-टोपी नेली. मी तेव्हा काय केलं? मी चिवडा बांधून दिला. त्या चिवड्याची मला अजून लाज वाटते.

चौदाव्या वर्षी दाजींनी दुकानातलं दोन किलोचं वजन फेकून मारलं आणि अक्काच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. भर दुपारी, ते जेवून झोपलेले असताना, ती तशीच एका हातानं दुसरा हात धरून दुधनी स्टेशनवर आली आणि पॅसेंजरमध्ये बसली. सोलापूरला मात्र आली नाही. तिसऱ्यांदा परत पोचवतील हे तिला ठाऊक होतं. ती होटगीला उतरली. शेजारी बसलेली एक म्हातारी, रेल्वेतल्या माणसाची विधवा, तिला उतरवून आपल्या घरी घेऊन गेली होती. म्हातारी मोडकं मराठी बोलायची, रागात मात्र कानडीच. तिनं एक खोली दिली. हाड जुळल्यावर अक्कानं शिलाई मशीन घेतलं आणि फॉल-पिको, पोलकी शिवायला लागली.

तिचा पत्ता आमच्या घरात तिघांनाच माहीत होता. मला, अप्पांना आणि मामांना. दाजी तीनदा येऊन दारावर लाथा घालून गेले, अप्पांची गचांडी धरली, पण अप्पांनी तोंड उघडलं नाही. एवढं मात्र त्यांनी केलं, ते मी नाकारणार नाही.

आणि मग आमच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं.

पाकिटं लिहायला बसले तेव्हा अप्पा वही घेऊन समोर आणि पहिलंच नाव दुधनीचं. मला वाटलं ते खोडायला विसरले. ते म्हणाले, विसरलो नाही. नवरीची माणसं त्याच भागातली आहेत, दाजींचं त्यांचं जाणंयेणं आहे, जावयाला टाकला तर चार लोक विचारतील की घरात काय झालंय. मानाचं पाकीट जाणार. तो येईल न येईल, पाकीट गेलं पाहिजे. आणि लिहायचं नेहमीसारखं, श्री. व सौ.

मी विचारलं, त्या घरात आता सौ. कोण आहे? अप्पा म्हणाले, कागदाला लागते. मी म्हणाले, कागदाला लागते म्हणून तुम्ही तिला चौदा वर्षं तिथं ठेवली. त्यांनी हात उचलला. मी चाळिशीला टेकलेली बाई, एका मुलीची आई, नोकरी करणारी, आणि त्यांनी हात उचलला. मी त्यांचं मनगट हवेतच धरलं.  शेवटी तेच उठून आत गेले.

आमच्या घरचा राग माझ्यातही उतरलाय, आणि त्या दिवशी तो मी पेनात भरला. दुधनीच्या पाकिटावर मी फक्त 'श्री.' लिहिलं. 'सौ.' नाही, 'सहकुटुंब' नाही, काही नाही. नवराबायकोला एकच पाकीट असतं त्या जगात याचा अर्थ काय होतो ते मला पुरतं कळत होतं. हात लावायला मिळत नव्हता, म्हणून मी त्याला पाकिटानं थप्पड मारत होते.

मग मी जाड कागदाचं दुसरं पाकीट घेतलं आणि त्यावर अक्काचं नाव लिहिलं. तिचं स्वतःचं नाव, आधी कुणी नाही, नंतर कुणी नाही. खाली म्हातारीच्या घराचा पत्ता, रेल्वे क्वार्टर्सच्या मागची गल्ली, होटगी. निळ्या शाईत, एकेक अक्षर टपोरं. चारी कोपऱ्यांना कुंकू लावलं. इतकं देखणं पाकीट मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. वाळेपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसले.

आमच्यात पाकिटांचे गठ्ठे रेल्वेच्या लाइनीप्रमाणे बांधतात. कुर्डुवाडी लाइनचा एक, विजापूर लाइनचा एक, आणि होटगी, अक्कलकोट रोड, दुधनी हा एक. वाटणारा माणूस, आमच्याकडे मामा, एका दिवसात एक लाइन उरकतो. त्या गठ्ठ्याला रबर मी लावलं. माझ्याच हातानं, दुधनीच्या पाकिटाला अक्काचं पाकीट टेकवून. माझ्या मनात होतं की मामा जाताना आधी होटगीला उतरतील, अक्काचं पाकीट तिला देतील आणि पुढं जातील. पण मामांची रीत सगळ्या वाटणाऱ्यांची असते तीच होती. लांबचं टोक आधी, मग परतीच्या वाटेवर जवळची गावं. मला ही रीत माहीत नव्हती असं नाही. त्या दिवशी ती माझ्या डोक्यात आली नाही.

पुढचं मामांनी सांगितलेलं. ते दुकानाच्या कट्ट्यावर बसले, गठ्ठा आणि पिशवी शेजारी ठेवली, पाकीट दिलं, तोंडानं आमंत्रण केलं. चहा आला. दाजींनी पाकीट वाचलं, उलटं करून बघितलं, पुन्हा वाचलं.

"ह्याच्यात सौ. कुटं हाय?"

मामा म्हणाले, लिहिताना पोरीचं राहिलं असेल.

दाजी हसले म्हणे. "तुमच्या घरचं पाकीट चुकत न्हाय, मामा. हितं लिवली न्हाय म्हंजे दुसरीकडं कुटंतरी लिवली असंल की."

आणि त्यांनी हात लांब करून गठ्ठा उचलला. मामा हिसकावून घ्यायला उठले तर छातीवर असा धक्का बसला की ते कपबशीसकट मागे कोसळले आणि फुटक्या बशीनं कोपर फाटलं. दाजींनी एकेक पाकीट बघून खाली टाकलं. हवं ते सापडल्यावर मामांना तुरीच्या गोदामात ढकलून बाहेरून कडी घातली आणि मोटारसायकलवर बसले. मामांचा मोबाइल पिशवीत, पिशवी कट्ट्यावर. तासाभरानं एका हमालानं ओरडणं ऐकून कडी काढली.

मामांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. अक्काला फोन लावला, वाजत राहिला. मी स्कूटर काढली. होटगीचा रस्ता मला आज आठवत नाही. एवढंच आठवतं की मी सगळा रस्ता मोठमोठ्यानं शिव्या देत होते, आधी त्याला आणि नंतर स्वतःला.

गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली घोळका होता. रुळांवर काम करणाऱ्या चार गँगमननी दाजींना पालथं पाडून दोरीनं बांधलं होतं. मांडीतून रक्त वाहत होतं, डोक्याला टेंगूळ आलं होतं. मांडीत अक्कानं कापडं बेतायची कात्री घुसवली होती आणि डोक्यात म्हातारीनं खलबत्त्याचा बत्ता घातला होता. मी पुढं गेले आणि त्यांच्या तोंडावर लाथ मारली. मग आणखी एक. बांधलेल्या माणसाला मारू नये हे मला कळतं. मी मारलं, आणि म्हातारी मला कमरेला मिठी घालून "साकु, साकु" म्हणजे पुरे, पुरे म्हणत मागे ओढेपर्यंत मी थांबले नाही. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

अक्का खोलीत होती. दाराची कडी चौकटीसकट उखडलेली, मशीन आडवं पडलेलं, आणि ती त्याला टेकून बसलेली. डाव्या कानातून रक्ताची धार मानेवर आली होती. गाल फुगलेले होते. मला वाटलं मारानं सुजलेत. मी जवळ गेले तेव्हा कळलं की तिच्या तोंडात कागद आहे, आणि तो तिनं म्हातारीला काढू दिलेला नाही.

तिच्या छातीवर बसून त्यानं ते पाकीट आणि आतली पत्रिका तुकडे करून तिच्या तोंडात कोंबली होती. म्हातारीनं दारातून ऐकलेले शब्द मला नंतर जसेच्या तसे सांगितले. "येगळं पाकीट पायजे व्हय तुला? खा. आपलं नाव आपुनच खा."

मी बोटं घालून तो लगदा काढला. दाढेमागून, जिभेखालून, थोडा थोडा. लाल होता. त्यात कुंकू किती आणि रक्त किती ते सांगता आलं नसतं. तिचे दात मात्र निळे झाले होते. ती माझी शाई होती.

कानाचा पडदा फाटला होता, तो कान कायमचा गेला. दवाखान्याच्या बाकावर अप्पा माझ्या शेजारी येऊन बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मी सांगितलं तसं लिवलं असतंस तर आज हे झालं नसतं."

मी त्यांना म्हणाले, तुम्ही पहिल्यांदा ती आली तेव्हा दार उघडं ठेवलं असतंत तर पाकीटच लागलं नसतं. एवढं बोलून मी हातातला जेवणाचा डबा समोरच्या भिंतीवर फेकून मारला. भात, आमटी सगळं खाली ओघळलं. नर्स ओरडत आली. ते मीच पुसलं, गुडघ्यांवर बसून. पुसताना कळत होतं की माझं बोलणं खरं आहे, आणि त्यांचंही खरं आहे. ते त्यांचं खरं असणं मला आजपर्यंत गिळता आलेलं नाही. मी रागात एक अक्षर गाळलं आणि त्या माणसाला माझ्या बहिणीचं दार दाखवलं.

लग्न ठरल्या तिथीला लागलं. अक्का पहिल्या रांगेत कानात कापूस घालून बसली. नवरीकडच्या एका बाईनं विचारलं, तुमचे हे नाही आले? अक्का म्हणाली, "तुरुंगात हाईत की." आणि तिला पेढा दिला. अप्पा जवळच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि पाहुण्यांना पाणी द्यायला निघून गेले.

त्यानंतर मी पाकीट लिहिलं नाही. कुणी आग्रह केला तर हात दुखतो म्हणायचे. कोर्टात अक्का पाच वेळा उभी राहिली, त्याच्यासमोर, एका कानानं वकिलाचे प्रश्न ऐकत. त्याला शिक्षा झाली, ती त्यानं भोगली, सुटला. आता तो दुधनीतच आहे, त्याच लाइनीवर. अक्का होटगीतच आहे, त्याच खोलीत. आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं की घर बदल. ती म्हणते, गिऱ्हाईक हितलं हाय.

अप्पा गेले. यंदा माझ्या मुलीचं लग्न आहे. मुलगी म्हणते, आई, मोबाइलवर पाठवून मोकळी हो. पण म्हाताऱ्यांना कागद लागतो, म्हणून मी निळी वही काढली आणि बसले.  प्रत्येक जोडप्याची दोन्ही नावं लिहायची असं ठरवलं, तर वहीत बायकांची नावंच नव्हती. काहींना फोन करून विचारावी लागली. सत्तरीची एक काकू आधी म्हणाली, माझं कशाला, आणि मग नाव दोनदा सांगितलं, नीट ऐकलं ना म्हणून. विधवांच्या पाकिटांनाही कुंकू लावलं. कुणी दात पाडायला आलं तर बघून घेईन.

अक्काचं तेवढं लिहिलं नाही.

गेल्या रविवारी ती कुंकू लावायला मदत म्हणून आली. लावता लावता तिनं गठ्ठे चाळायला सुरुवात केली. होटगी लाइनचा गठ्ठा दोनदा चाळला. मी मान खाली घालून लिहीत राहिले.

"माझं कुटं हाय?"

मी म्हणाले, तू घरची, घरच्यांना कुणी पाकीट देतं का. तिनं उजवा कान माझ्याकडे केला आणि मला पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा ते वाक्य मला पूर्ण करता आलं नाही. मी रडले आणि खरं काय ते सांगितलं. मला भीती वाटते. तुझं नाव आणि पत्ता एका ठिकाणी लिहायला माझा हात उठत नाही. मागच्या वेळी ते मी लिहिलं होतं.

अक्कानं कुंकवाची वाटी खाली ठेवली. मग तिनं जाड कागदाचं एक पाकीट माझ्यापुढे सरकवलं, अप्पांनी सरकवलं होतं तसंच.

"लिव. नाव लिव, पत्ता बी समदा लिव. आन् कुणाच्या हातात दिऊ नगंस, पोस्टानं पाठीव."

पोस्टानं कशाला, मी विचारलं.

"पोस्टमन गल्लीत नाव घिऊन हाक मारतोय. ऐकू दे की गल्लीला."

मी लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, नववीतल्या पोरीचं बरं असेल. ती खांद्यावरून बघत होती. पत्ता झाल्यावर मी पेन उचललं, तर तिनं जिथं 'सहकुटुंब सहपरिवार' लिहितात त्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, हितं आजून एक ओळ घाल. तिनं सांगितली तशी मी घातली. पाकीट मंगळवारी पोस्टात पडलं. नावाखाली, पत्त्याखाली, निळ्या शाईत मी लिहिलंय: मोठ्यानं हाक मारावी, डावा कान गेलेला आहे.